पेन थांबलं की पुढचं वाक्य

माझं अक्षर चांगलं होतं, या सगळ्याचं मूळ तिथे आहे. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरी लग्न निघालं की पत्रिकांच्या पाकिटांवर पत्ते लिहायला मला बोलवायचे. शाळेत फळ्यावरचा सुविचार रोज मी लिहायचे. मोत्यासारखं अक्षर, मोत्यासारखं अक्षर, असं ऐकून ऐकून मी इतकी शेफारले होते की दुसऱ्या कुणाच्या वहीत वाकडी वेलांटी दिसली तरी ती खोडून नीट काढावीशी वाटायची. काढायचेही. मैत्रिणी चिडायच्या.

नववीत होते तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. तिथे खुर्चीवर दहावीतली एक मुलगी बसली होती. तिला शाळेत सगळेच ओळखत, कारण आमच्या शाळेत अंध मुलगी ती एकटीच. दीड-दोन वर्षांची असताना गोवरात तिचे डोळे गेले. सातवीपर्यंत ती मुंबईत अंध मुलींच्या वसतिगृहात राहून शिकली आणि आठवीला आमच्याकडे आली. मधे काही वर्षं अशीच गेली होती, त्यामुळे माझ्याहून चांगली तीन वर्षांनी मोठी. मी तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागले.

बाईंनी सांगितलं ते असं: ताईला बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळणार. ती तोंडी सांगेल, लेखनिकाने लिहायचं. अर्धा तास जास्त मिळेल आणि बसायला वेगळी खोली. लेखनिक मात्र खालच्या इयत्तेतला हवा, दहावीचा चालत नाही. बोर्डाचा हेतू उघड होता, लेखनिकाला उत्तरं येता कामा नयेत. पण निबंधाचं काय? नववीच्या मुलीला दहावीचं बीजगणित येत नसेल, पहाटेचं वर्णन मात्र येतं. हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि तेव्हा माझ्याही नाही.

माझा फोटो एका अर्जावर चिकटवला. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातलं ताईचं सर्टिफिकेट सोबत जोडलं. शाळेचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर बसला. माझ्या चेहऱ्यावर शिक्का बसला याचा मला केवढा अभिमान!

नोव्हेंबरपासून आम्ही सराव सुरू केला. शाळा सुटली की लायब्ररीत एक तास. मी धडे वाचायचे, ती ब्रेलच्या पाटीवर टोच्याने टकटक करत टिपणं काढायची. मग ती उत्तरं सांगायची आणि मी लिहायचे. तिची एक पद्धत होती. एक वाक्य सांगायची आणि थांबायची. माझ्या पेनाचा कागदावरचा आवाज ऐकायची. पेन थांबलं की पुढचं वाक्य. तिला 'झालं' असं कधी सांगावं लागलं नाही.

तिचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. वडील नव्हते. आई मार्केटमध्ये मासळी विकायची. ताईची परीक्षा म्हणजे त्या घरात काय होतं ते मला तिच्या आईकडूनच कळलं. एक दिवस ती लायब्ररीच्या दाराशी आली, टोपली बाहेर शिपायाकडे ठेवून. आमच्या घरी मासे खात नाहीत हे तिने आधीच काढून घेतलं होतं, म्हणून माझ्यासाठी अबोलीची वेणी आणली होती. ती माझ्या केसात माळत म्हणाली, "बाय गो, माझे पोरीचा हात तू. मार्क बरे परले तं कॉलेजान धाडीन तिला. नाय तं वसतीगृवाच्या बाया बोल्ल्यान, खुर्च्या ईनायला धाड."

वेताच्या खुर्च्या विणणं म्हणजे काही वाईट काम नाही. पण ताई म्हणायची, "मी तिथे दोन सुट्ट्यांमध्ये विणल्यात. बोटं चालतात आणि डोकं झोपतं. मला नाय जायचं." तिला मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. तिला लिहायचं होतं. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

आता मराठीच्या बाईंबद्दल. बाई चांगल्या होत्या, मन लावून शिकवायच्या, पण निबंधाच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं होतं. पहाट म्हटली की पूर्वेची लाली, दवबिंदू आणि पक्ष्यांचा किलबिलाट आलाच पाहिजे. पावसाळा म्हटला की हिरवा शालू. आम्ही सगळ्या मुली ते पाठ करायचो. मी तर त्यात तरबेज होते, आंतरशालेय स्पर्धेत बक्षीस मिळवून आलेली. ताईने सरावाला 'आमचा बाजार' असा निबंध सांगितला. त्यात बर्फ फोडल्याचा आवाज होता, कोयत्याचा होता, गिऱ्हाइकाच्या चपलेवरून गिऱ्हाईक ओळखणं होतं. रंग एकही नव्हता. बाईंनी वीसपैकी आठ दिले आणि म्हणाल्या, "अगं, वर्णन कुठे आहे यात? डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं पाहिजे."

ताई हसली. "बाई, माझ्या नाही राहत," एवढंच म्हणाली.

बाई ओशाळल्या, पण आठाचे नऊ काही झाले नाहीत. जाताना मी ताईला म्हटलं की पुढच्या वेळी मी मधेमधे थोडे रंग घालू का. ती जिन्यात थांबली. "नको," म्हणाली. "मी सांगते तेच लिही. चुकलं तर माझं चुकू दे." मी बरं म्हटलं. वचन म्हणतात ते हेच असणार. पण चौदाव्या वर्षी 'बरं' हा शब्द माणूस कुठेही म्हणतं.

मार्चमध्ये परीक्षा आली. केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. आम्हाला चित्रकलेची खोली दिली होती. पर्यवेक्षक म्हणून एक वयस्कर सर होते. त्यांनी मला दम भरला, "बोलायचं नाही. सुचवायचं नाही. ती सांगेल ते लिहायचं, तिने विचारलं तर वाचून दाखवायचं. समजलं?" मग दाराजवळ खुर्ची ओढून बसले. तासाभरात त्यांची मान छातीवर आली होती.

पहिलाच पेपर मराठीचा. व्याकरण, उतारा, कविता, सगळं झकास झालं. मग निबंधाचे विषय मी वाचून दाखवले. त्यात एक होता, 'मी पाहिलेली पहाट'.

ताई म्हणाली, "हाच."

दुसरे दोन विषय होते की, एक तर चक्क आत्मवृत्त, त्यात काहीही चाललं असतं. पण बोलायची बंदी. तिने सांगायला सुरुवात केली.

ती खाडीवरची पहाट होती. त्यात काय काय होतं एवढंच इथे सांगते, तिची वाक्यं देत नाही. भरती उतरताना चिखल कसा वाजतो, ते होतं. होडीचं मशीन कुणाचं आहे ते आवाजावरून कसं कळतं, आणि कुठलं मशीन आलं नाही तर वाड्यात बायका कशा बोलायच्या थांबतात, तेही होतं. आईच्या बांगड्या पहाटे निघताना एका प्रकारे वाजतात आणि दुपारी परत येताना वेगळ्या, कारण मनगटावर मिठाचं पाणी सुकलेलं असतं. आणि उजाडल्याचं तिला कसं कळतं, ते शेवटी होतं.

सूर्य नव्हता. लाली नव्हती. पाखरू एक नव्हतं.

पहिल्याच वाक्याला मला बाईंचे ते आठ मार्क दिसायला लागले. वीसपैकी आठ, मग कॉलेज नाही, मग खुर्च्या. मी स्वतःला असं सांगितलं की मी तिला वाचवते आहे. ते पूर्ण खोटं नव्हतं. पण आज खरं बोलायला बसलेय तर उरलेलंही बोलते: मला तो विषय पाठ होता. माझी 'पहाट' बक्षीसपात्र होती आणि समोर बोर्डाची कोरी पुरवणी होती. हात शिवशिवत होते.

तिने पहिलं वाक्य सांगितलं. मी लिहिलं, 'प्राचीवर केशराचा सडा शिंपीत उषादेवी अवतरली.'

ती थांबली, पेन ऐकत. पेन थांबलं, तिने दुसरं वाक्य सांगितलं. मी माझं दुसरं लिहिलं. असं आम्ही दोघींनी मिळून दोन निबंध केले, एक हवेत आणि एक कागदावर. मधे एकदा तिने भुवया उंचावल्या. "एवढं लांब कुठे होतं वाक्य?"

"अक्षर नीट काढतेय," मी हळूच म्हटलं. सरांनी डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

निबंध संपला. आमच्याकडे तो जादा अर्धा तास अख्खा होता. बाकीच्या वर्गांची घंटा होऊन गेली, बाहेर मुलांचा गलका उठला आणि निवला. ताई म्हणाली, "आता वाच ना परत."

तेव्हा अजूनही सगळं सावरता आलं असतं. पुरवणी बाजूला सारायची, नवी मागायची आणि तिचा निबंध लिहायचा. अर्धा तास त्यासाठीच तर होता. मी काय केलं? कागदावर डोळे लावले आणि तिची वाक्यं म्हणायला लागले. माझं पाठांतर पहिल्यापासून दांडगं. एकदा ऐकलेलं मला बसतं. केशराच्या सड्याकडे बघत मी चिखलाचा आवाज वाचला, दवबिंदूंकडे बघत बांगड्या वाचल्या. पान उलटायचं तिथे पान उलटलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उजळत होता. एका ठिकाणी म्हणाली, "इथे स्वल्पविराम दे." मी पेन टेकवलं आणि कुठेतरी एक स्वल्पविराम दिला.

फाटकाबाहेर तिची आई उभी होती. तिने माझे हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. आयुष्यात मला इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही, आणि तरी मी हसले.

जूनमध्ये निकाल लागला. ताईला मराठीत शाळेत सगळ्यांत जास्त मार्क. बाकीच्या विषयांत ती बरी होती, मराठीत पहिली. अख्ख्या शाळेत एकच गोष्ट चालू झाली. कोळीवाड्यात पेढे वाटले, आमच्याकडेही आले. आई म्हणाली, "तुझं पण कौतुक हो, तिच्यासाठी एवढं केलंस." मी पेढा घशाखाली उतरवला.

शाळेने सत्कार ठेवला. मुख्याध्यापिका बाईंनी ताईला विचारलं, कुठल्या विषयावर निबंध लिहिलास? ताईने माइक चाचपून धरला आणि म्हणाली, "म्हणूनच दाखवते." आणि म्हटला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, स्वल्पविरामासकट.

मी तो तिसऱ्यांदा ऐकत होते आणि पहिल्यांदाच ऐकत होते. परीक्षेत मला त्यात काय नाही तेवढं ऐकू आलं होतं. आता हॉलमध्ये दोनशे-तीनशे पोरं गपगार. न आलेल्या होडीचं वाक्य आलं तेव्हा मागे कुणीतरी बाईने हुंदका गिळला, बहुतेक वाड्यातलीच. माझ्या शेजारी मराठीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "बघ. याला म्हणतात वर्णन." वीसपैकी आठ देणाऱ्या त्याच बाई. बोर्डाने मार्क दिले की बाईंनाही ऐकू यायला लागतं. पण त्यांना नावं ठेवायला माझं तोंड कुठे होतं? मी तर ते सगळ्यांत आधी ऐकलं होतं, कुणी मार्क द्यायच्या आधी, आणि मीच ते फेकून दिलं होतं.

चोराच्या मनात चांदणं. कुणी माझ्याकडे बघितलं की मला वाटायचं, कळलं. कुणालाच कळलं नाही. ताई कल्याणच्या कॉलेजात आर्ट्सला गेली. माझी दहावी आली, मग बारावी. तिचा निरोप यायचा, भेट म्हणून. मी काही ना काही कारण सांगायचे. हळूहळू निरोप यायचे बंद झाले.

पुढे मी मराठीचीच शिक्षिका झाले, यात काय विनोद आहे तो माझा मला कळतो. नव्वदच्या दशकात टिटवाळ्याला एका नव्या शाळेत होते. तिथे दहावीत एका मुलीचे हात जन्मापासून नीट चालत नव्हते. तिच्यासाठी लेखनिक मिळवायचं काम मी अंगावर घेतलं. आठवीतली एक चुणचुणीत मुलगी निवडली आणि तिला एवढी तंबी दिली की ती रडली. "तुझं डोकं घरी ठेवून यायचं," मी म्हटलं. "फक्त हात आणायचा." बाकीच्या शिक्षिकांना वाटलं, ही बाई जरा अतिच करते.

त्या मुलीचे कागद घेऊन ठाण्याला एका सरकारी कचेरीत गेले होते. साहेब जागेवर नव्हते. बाकावर बसले असताना शेजारच्या खोलीतून आवाज आला, "नमस्कार, कोण पाहिजे आपल्याला?" मी उठून उभीच राहिले. दारातून बघितलं. टेलिफोन बोर्डासमोर ताई, कानाला यंत्र, बोटं बटणांवर. थोडी जाड झाली होती.

मी हाक मारली. तिने क्षणभर मान तिरकी केली, जशी पेन ऐकताना करायची, आणि माझं नाव घेतलं. दहा-बारा वर्षांनी. मग काय, मला खुर्ची, चहा, आईची चौकशी. तिची आई आता थकली होती, मार्केटला जात नव्हती. ताईच्या पगारावर घर चाललं होतं. तिची नोकरी छान होती, ती खूश दिसत होती, आणि मला वाटलं की चला, सुटले. शेवट गोड झाला.

मग मी विचारलं, "लिहितेस ना?"

"छे गं," ती म्हणाली. "ते दहावीपुरतंच होतं."

"म्हणजे?"

"बारावीला मराठीत काठावर पास झाले. मला वाटलं लेखनिक पोरीने घोळ केला, पण नाय. तिच्या सरावाच्या वह्या मी नंतर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतल्या, तिने शब्दन् शब्द लिहिलेला. कॉलेजच्या अंकाला दोनदा दिलं, तेही परत आलं. मग मी समजले. एखाद्याला एकदाच जमतं. मला एकदा जमलं." मग हसली आणि म्हणाली, "पण तेव्हा तू होतीस म्हणून जमलं. तुझ्यासारखी लेखनिक परत नाय भेटली मला."

इतकी वर्षं मी समजत होते की मी तिला चोरून मार्क दिले, आणि फसवलं असलं तर ते बोर्डाला. ते तसं नव्हतं. त्या मार्कांनी तिला सांगितलं होतं की असं लिहिलंस तर पहिली येशील. मग ती तशीच लिहीत राहिली आणि नापसंत होत राहिली, आणि तिने ठरवलं की आपल्यातलं काहीतरी आटलं. काहीच आटलं नव्हतं. बाईंचे आठ मार्क तिने हसून सोडून दिले होते. माझे तिला सोडता आले नाहीत.

कधीतरी पत्रातून सांगावं असं मनात यायचं. पण पत्र तिला कुणीतरी वाचून दाखवणार, आणि वाचणारा कागदावरचंच वाचेल याची खात्री मी तरी कशी धरू? म्हणून तिथेच, त्या खोलीत, सांगितलं. सगळं. केशराचा सडा, पान उलटणं, तो स्वल्पविराम.

बोर्डावर दिवा लागला, घरघर झाली. तिने बटण दाबलं, "नमस्कार, कोण पाहिजे आपल्याला?" म्हणाली, फोन जोडून दिला. आवाज जराही हलला नाही. मग माझ्याकडे वळली.

"काय लिहिलेलंस तू? म्हण."

मी म्हटलं. पहिली चार वाक्यं. दिवसाउजेडी, त्या कचेरीत, उषादेवीपासून. ऐकताना तिला हसू फुटलं. "केशर! आणि त्यांना वाटलं मी बघितलं?" हसता हसता ती थांबली.

"म्हणजे माझा कुणी वाचलाच नाय," ती म्हणाली.

मला रडू आलं. मी भडाभडा बोलायला लागले. सत्काराला ऐकला ना सगळ्यांनी, मला अजून पाठ आहे, पण तू सांग, तू सांगशील तसाच आत्ता लिहून घेते, चांगल्या मासिकाला पाठवू, तुझ्या नावाने. मी पर्समधून कागद काढला, पेनाचं टोपणही काढलं. तिला तो आवाज आला असणार.

"नको," ती म्हणाली. रागाने नाही, जिन्यात म्हणाली होती तसंच. "लिहायचं झालं तर मी दुसरी कोणी बघेन."

साहेब आल्याचं शिपाई सांगायला आला. मी उठले. निघताना तिने विचारलं की टिटवाळ्याच्या मुलीची लेखनिक कशी आहे. मी म्हटलं, अक्षर साधारणच आहे. "मग बरं," ताई म्हणाली.

त्यानंतर मी दोनदा गेले. एकदा ती रजेवर होती, एकदा तिची बदली झाली होती. तो निबंध मला आजही पाठ आहे, पहिल्या वाक्यापासून उजाडेपर्यंत. तो इथे लिहिलेला नाही. तिने मला तो लिहायला सांगितलेला नाही.